दीड हजार तासांच्या वाटेवरचे शिक्षक

ॲरिझोनातील फिनिक्सजवळ मी वैमानिक प्रशिक्षण घेतले. स्वच्छ आकाशामुळे तिथे वर्षातले बहुतेक दिवस उड्डाण करता येते, म्हणून भारतातून अनेक विद्यार्थी तिकडे जातात. माझे प्रशिक्षण मात्र हवामानामुळे नव्हे, तर शिक्षकांमुळे लांबले.

अमेरिकेत व्यावसायिक परवाना सर्वसाधारण मार्गाने 250 तासांच्या उड्डाणानंतर मिळतो आणि त्यापुढे इन्स्ट्रक्टरचे रेटिंग घेतले की तोच तरुण इतरांना शिकवू लागतो. विमान कंपनीत जाण्यासाठी बहुतेकांना 1,500 तास लागतात. मधले तास भरण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे शिकवणे, कारण विद्यार्थ्याच्या पैशांनी झालेले उड्डाण शिक्षकाच्या लॉगबुकातही जमा होते. माझे पहिले इन्स्ट्रक्टर याच वाटेवर होते. ते मनमिळाऊ होते, कष्टाळू होते आणि स्वतः विमान उत्तम चालवत असत.

अडचण लँडिंगच्या वेळी येई. बाजूचा वारा असला की सेसना 172 या छोट्या प्रशिक्षण विमानाचा पंख वाऱ्याकडे किंचित झुकवून, उलट बाजूच्या रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवावे लागते, आणि हे करत असतानाच फ्लेअरची, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित उचलण्याची, वेळ साधावी लागते. त्या काही सेकंदांत इन्स्ट्रक्टरचे हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) असत आणि पाय रडरच्या पेडलवर. चाके हळुवार टेकत, पण ते लँडिंग माझे होते की त्यांचे, हे मला कधीच कळत नसे. त्यांची भीती मी समजू शकते. जमीन वीस फुटांवर असताना विद्यार्थ्याची चूक कुठपर्यंत चालू द्यायची, हे कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. ते त्यांना उमगू लागले होते, तेवढ्यात त्यांचे तास पूर्ण झाले आणि ते विमान कंपनीत गेले. पुढच्या इन्स्ट्रक्टरने सगळे पुन्हा पहिल्यापासून, आणि वेगळ्या पद्धतीने, सुरू केले.

तेव्हा मी स्कूलकडे लेखी विनंती करून एका ज्येष्ठ इन्स्ट्रक्टरबरोबर काही उड्डाणे मागून घेतली. त्यांनी आधीच सांगितले, की ‘माय कंट्रोल्स’ (आता विमान माझ्या हातात) असे मोठ्याने म्हटल्याशिवाय ते योकला हात लावणार नाहीत, आणि तो शब्द त्यांनी पाळला. विमान उसळले तरी ते हात मांडीवर ठेवून फक्त ‘गो अराउंड’ (लँडिंग सोडून पुन्हा वर जा) म्हणत. मग पुरेशी उंची गाठून त्यांनी माझ्याकडून स्टॉल, म्हणजे कोन फार वाढून पंखांची उचल अचानक घटण्याची स्थिती, करवून घेतले. उंची कमी होईल म्हणून योक ओढायचा नाही; आधी नाक खाली करून पंखाचा हवेशी असलेला कोन कमी करायचा, हे अंगवळणी पडेपर्यंत ते थांबले नाहीत. 12 फेब्रुवारी 2009 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोसळलेल्या कोलगन एअरच्या विमानाबद्दल ते गंभीरपणे बोलले. स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने योक मागे ओढला आणि 50 माणसे मृत्युमुखी पडली. याच अपघातानंतर 1,500 तासांचा नियम आला. वास्तविक त्या कॅप्टनला 3,379 आणि सहवैमानिकेला 2,244 तासांचा अनुभव होता. तासांच्या आकड्यावरून प्रशिक्षणाचा दर्जा ठरवू नये, हे माझे मत तिथेच पक्के झाले.

त्यानंतर प्रत्येक नव्या इन्स्ट्रक्टरशी मी उड्डाणापूर्वी कंट्रोल्सबद्दल स्पष्ट बोलून घेत असे. सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उड्डाण, झाले, यथावकाश चेकराइडही (परवान्याची उड्डाण परीक्षा) पार पडली.

भारतात असिस्टंट इन्स्ट्रक्टरने वरिष्ठ इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवावे लागते आणि पहिल्या सोलोची परवानगी तो देऊ शकत नाही. अमेरिकेत नवा इन्स्ट्रक्टर ती स्वतःच्या सहीने देऊ शकतो. ही पायरी तिथेही असावी असे मला मनापासून वाटते. तोवर, तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच स्कूलला विचारावे, की आपला इन्स्ट्रक्टर मध्येच सोडून गेला तर पुढे कोण शिकवणार आणि सोलोपूर्वी कोणता ज्येष्ठ इन्स्ट्रक्टर आपली तपासणी करणार. आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.