कार्बन पेपर आणि पेजफाइल

टायपिंग शिकायला गेले तेव्हा अण्णांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते कार्बन फाडायला.

साताऱ्यात कोर्टासमोर त्यांचं टेबल होतं, वर मराठी टाइपरायटर. मृत्युपत्र, वाटणीपत्र, घटस्फोटाचा अर्ज असं काही टाइप झालं की पक्षकार उठायच्या आत अण्णा मधला कार्बन काढून उजेडाकडे धरायचे. कार्बन कोरा असेल आणि एकदाच वापरला असेल, तर त्यावरची अक्षरं लख्ख दिसतात. "वाच," म्हणायचे. मी वाचायची. कोणाला किती गुंठे, कोणत्या मुलाला काहीच नाही, सगळं वाचता यायचं. मग त्या कार्बनचे चार तुकडे व्हायचे आणि ते अण्णांच्या खिशात जायचे. टेबलाखालच्या डब्यात नाही, कारण तो डबा दुसराच कोणीतरी उपसायचा.

आता त्याच रांगेत माझा गाळा आहे. टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आहे, २०१४ साली घेतलेला, चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. कागद तेच आहेत, माणसंही तशीच येतात, आवाज खाली करून बोलणारी. कार्बन मात्र दिसत नाही. आपल्याकडे आता कार्बन उरलाच नाही, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

मागच्या वर्षी मशिन फार रेंगाळायला लागलं. कॅबिनेटवरचा लाल दिवा, डिस्क चालू असल्याचा, थांबायचं नावच घेईना. मी कीबोर्डला हातही लावलेला नसायचा, समोर पक्षकार आधार कार्ड शोधत बसलेला असायचा, आणि दिवा आपला लुकलुकत. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ८६ टक्के, डिस्क शंभर. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, रॅम भरलीय तुमची," आणि त्यानं रॅम साफ करणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकून दिला. त्यात मोठं हिरवं बटण होतं. दाबलं की आकडा ३.२ जीबीवरून एकदम १.९ वर. मला बरं वाटायचं. मग मी अर्धवट राहिलेल्या दस्ताच्या खिडकीवर जायची आणि ती खिडकी पांढरी पडून राहायची. दिवा पेटलेला. अर्धा-पाऊण मिनिट. बटण दाबल्यावर दर वेळी हेच.

याचं कारण मला माझ्या भाच्यानं दाखवलं. तो पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. दिवाळीला आला होता, गाळ्यावर येऊन बसला. त्यानं विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडला आणि मेमरीची, म्हणजे रॅमची, आडवी पट्टी दाखवली. हिरवा भाग म्हणजे आत्ता वापरात असलेली मेमरी. निळा भाग स्टँडबाय. अगदी शेवटचा फिकट तुकडा मोकळा.

"मावशी, तू चालू केसचे कागद कुठं ठेवतेस?"

"टेबलावर."

"आणि दुपारी ती केस जरा बाजूला पडली तर?"

"टेबलाच्याच कडेला. परत लागणार असतात ना."

"टेबल म्हणजे रॅम, कपाट म्हणजे हार्ड डिस्क. निळं म्हणजे ती टेबलाची कड. कपाटातून काढलेले कागद विंडोज लगेच परत कपाटात ठेवत नाही. दुसऱ्या कशाला जागा लागली की त्या क्षणी ते उचलून टाकतं. टेबल रिकामं ठेवून तुझा काय फायदा?"

मग तो हिरवं बटण नेमकं काय करतं ते बोलला. तो प्रोग्राम चालू असलेल्या प्रत्येक कामाच्या हातातले कागद काढून घ्यायला लावतो. टेबल रिकामं दिसतं, आकडा उतरतो. पण काम थांबलेलं नसतं, त्याला तेच कागद पुन्हा लागतात, आणि माझ्यासारख्या जुन्या डिस्कवर त्यातले बरेचसे परत कपाटातून काढावे लागतात. पांढरी खिडकी आणि लाल दिवा त्यामुळे. मी महिनोन्‌महिने पैसे न देता माझंच मशिन हळू करून घेत होते.

रॅम भरलेली दिसणं हा दोष नाही, ही गोष्ट इतक्या कमी लोकांना माहीत असते याचं मला खरंच वाईट वाटतं. रांगेतल्या सगळ्या टायपिस्टांना मी हे सांगत फिरले. व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये सुपरफेच नावाची सेवा, म्हणजे पाठीमागे आपोआप चालणारा प्रोग्राम, आहे. हल्ली तिचं नाव सिसमेन. तुम्ही रोज काय उघडता हे लक्षात ठेवून ते आधीच मेमरीत आणून ठेवणं हे तिचं काम. विंडोज १० तर मेमरीतली कमी लागणारी पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, दाबून, घड्या घालून मेमरीतच ठेवतं, म्हणजे डिस्कवर कमी जावं लागतं. आणि टास्क मॅनेजरमध्ये 'सर्व्हिस होस्ट'च्या ओळीच ओळी बघून घाबरायचं कारण नाही. २०१७ च्या एका अपडेटपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर विंडोज पूर्वी एकत्र बांधलेल्या बहुतेक सेवा वेगवेगळ्या चालवतं, एक कोसळली तर बाकीच्या उभ्या राहाव्यात म्हणून. कामं तेवढीच, ओळी जास्त.

चार जीबी कमी पडतात हे खरंच. ब्राउझर, दस्त आणि एक स्कॅन केलेला सातबारा एकदम उघडला की पट्टीत निळं जवळपास उरत नाही. त्याला उपाय रॅम वाढवणं, बटण दाबणं नाही. आठ जीबी करायचे पैसे मी जमवतेय.

पण त्या दिवशी मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. भाच्यानं त्याच खिडकीतला नेटवर्कचा भाग उघडला होता. तिथं कोणता प्रोग्राम बाहेर कोणाशी बोलतोय ते ओळीनं दिसतं. मी ब्राउझर बंद केला. मेल बंद केली. तरी एक ओळ हलत होती, रॅम साफ करणाऱ्या त्याच प्रोग्रामची. आम्ही त्याच्या अटी उघडून वाचल्या. मशिनवर कोणते प्रोग्राम आहेत, ते किती वेळ वापरले जातात, ही माहिती जाहिरातवाल्यांना द्यायची परवानगी त्यात होती. ती माझ्या वतीनं त्या दुरुस्तीवाल्या मुलानं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत दिलेली. मी तो प्रोग्राम काढून टाकला तेव्हा माझे हात थरथरत होते. माझ्या मशिनमधून माझ्या नकळत काहीतरी बाहेर जात होतं, आणि त्याच मशिनमध्ये दुसऱ्यांच्या घरातली भांडणं होती.

तेव्हा मला अण्णांचा कार्बन आठवला. आणि मी मशिनमधले कार्बन शोधायला लागले.

पहिला सापडला प्रिंटरमध्ये. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये, छापून झालेले दस्तऐवज ठेवून द्यायचा एक पर्याय असतो. माझ्याकडे त्यावर टिक होती, कोणी केली देव जाणे. प्रिंटची रांग उघडली तर छापलेल्या कागदांची यादी तशीच उभी, फाइलींच्या नावांसकट. आणि फाइलींची नावं मी कशी ठेवते? आडनाव, गाव, मृत्युपत्र. शेजारच्या गाळ्यातला मुलगा एखाददोन पानं छापायला माझ्याकडे येतो, त्यानं सहज म्हणून रांग उघडली असती तर? टिक काढली, रांग रिकामी केली. फाइलीला आता फक्त तारीख आणि नंबर. नावं वहीत, वही माझ्या पिशवीत.

दुसरा क्लिपबोर्ड. विंडोजची की आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेले २५ पर्यंत तुकडे दिसतात. ही सोय २०१८ साली आली, आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही. पण मी चालू केली होती, दस्तांचा ठरावीक मजकूर डकवायला फार उपयोग व्हायचा. एका बाईंसमोर ती यादी उघडली आणि त्यात वर आधीच्या पक्षकाराचा पत्ता आणि पॅन नंबर. बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी तो वाचला होता. त्याच दिवशी बंद केली.

तिसरा पेजफाइल, आणि हा खरा कार्बन. मेमरीत जागा पुरेनाशी झाली की विंडोज त्यातली काही पानं डिस्कवरच्या एका लपवलेल्या फाइलीत उतरवून ठेवतं. माझ्यासारख्या चार जीबीच्या मशिनवर तर दिवसभर उतरवतच असतं. लाल दिव्याचं मोठं कारण हेच. ती पानं म्हणजे त्या वेळी मेमरीत जे असेल ते, त्यात उघड्या दस्ताचा मजकूरही आला. मूळ फाइल मी पेन ड्राइव्हवर ठेवली, मशिनवरून पुसली, रिसायकल बिन रिकामा केला, तरी पेजफाइलमध्ये तिचे तुकडे राहू शकतात. कॉम्प्युटर बंद केल्यावर रॅम विसरते. पेजफाइल विसरत नाही. आणि डिस्क बिघडली की आपण ती अख्खी उचलून दुकानात देऊन येतो.

चौथा मला सगळ्यात जास्त लागला. विंडोज स्वतःच्या तब्येतीची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवतं, हे सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लिहिलेलंच आहे. तिथं दोन पातळ्या असतात, आवश्यक आणि ऐच्छिक. आवश्यक पातळी होम किंवा प्रो आवृत्तीत सेटिंग्जमधून पूर्ण बंद करता येत नाही. ऐच्छिक पातळीबद्दल कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलंय की प्रोग्राम कोसळला तर त्या क्षणाची मेमरीची स्थितीही जाऊ शकते, आणि त्यात तुम्ही वापरत असलेल्या फाइलीचा काही भाग अनवधानानं असू शकतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. दस्त उघडा असताना वर्ड कोसळलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी ऐच्छिक बंद केलं. २०१८ पासून एक व्ह्यूअरही मिळतो, काय काय जातं ते त्यात बघता येतं. मजकूर किचकट असतो, पण प्रत्येकानं एकदा तरी उघडून बघावा. तक्रार केल्यानं काही होत नाही असंही नाही. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेनं २०१६ साली मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली होती, विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करतं म्हणून. कोणता प्रोग्राम किती वेळ वापरला, हेसुद्धा त्यात होतं. वर्षभरात खालच्या पातळीवरची माहिती जवळजवळ निम्म्यानं कमी झाली आणि २०१७ मध्ये नोटीस मागे घेतली गेली.

त्याच २०१७ च्या २४ ऑगस्टला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आमच्याकडे येणारे वकील त्यावर तावातावानं बोलत होते आणि मी त्यांचेच अर्ज टाइप करत होते, त्या हक्काचा एक टोकाचा धागा माझ्या टेबलावरून जातो हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता प्रश्न नव्या मशिनचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची वाढीव मुदत आहे, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. दुकानदार नव्या पिढीचा लॅपटॉप दाखवतो. तशातल्या कोपायलट प्लस नावाच्या मशिनांवर रिकॉल नावाची सोय येते, ती चालू केली तर काही काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवते, पुढे शोधायला सोपं जावं म्हणून. मे २०२४ मध्ये ती जाहीर झाल्यावर इतका गदारोळ झाला की पुढे ढकलली गेली, मग आपण होऊन चालू केली तरच चालेल अशी केली आणि २०२५ मध्ये आली. चित्रं मशिनवरच, कुलपात राहतात असं कंपनी सांगते. असतील. माझ्या कामात मात्र प्रत्येक पडदा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातला आहे. तसं मशिन घेतलंच तर ही सोय कधी चालू होणार नाही. भाच्यानं जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकून दिलीय, युनिकोडमधलं काम मी त्यावर करून बघतेय. तिथंही मेमरीच्या आकड्यांत मोकळं थोडं आणि उपलब्ध जास्त दिसतं, टेबलाच्या कडेचंच गणित. जुन्या फाँटातले दस्त मात्र अजून इथंच करावे लागतात, म्हणून हे मशिन सुटत नाही.

पेजफाइलसाठी खरा उपाय म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप. विंडोजचा बिटलॉकर प्रो आवृत्तीत मिळतो, माझी होम. म्हणून भाच्यानं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक आकडा बदलून दिला, मशिन बंद होताना पेजफाइल शून्यांनी भरून निघते. त्याआधी फास्ट स्टार्टअप काढून टाकलं, कारण ते चालू असलं की शट डाऊन म्हणजे पुरतं बंद होणं नसतं, विंडोजच्या गाभ्याचा भाग डिस्कवर लिहून ठेवलेला असतो.

याला वेळ लागतो. संध्याकाळी सहाला मी शट डाऊन करते, पडद्यावर गोल फिरत राहतं, लाल दिवा सलग पेटलेला राहतो. दोन-अडीच मिनिटं. शेजारचे गाळे बंद होत असतात, बसस्टँडकडे जाणारी माणसं शटरवर टकटक करून विचारतात, "ताई, चला, थांबलाय का?"

दिवा विझला की मी मेन स्विच बंद करते आणि पेन ड्राइव्ह वहीसोबत पिशवीत टाकते.