वेशीच्या आतलं जेवण

आमच्या दापोली तालुक्यात मृग लागला की भाताची पेर होते. मग तरवा, म्हणजे भाताची रोपं, वीतभर होऊन लावणीला येईपर्यंत वीस-एकवीस दिवस हाताशी असतात. त्यातल्याच एका रविवारी शाळेच्या पडवीत आमच्या वाडीच्या मंडळाचं जेवण असायचं. अट एकच. ताटात पडेल ते वेशीच्या आत पिकलेलं किंवा उगवलेलं हवं.

सुरुवात कुणी केली यावरून अजून वाद आहेत. मला आठवतात त्या आधीच्या सभा. जेवणापेक्षा त्याच जास्त रंगायच्या. बटाटा, कांदा, तूरडाळ पहिल्याच झटक्यात बाद. डाळीच्या जागी कुळीथ आला, चिंचेच्या जागी आमसूल. गाडी अडली तेलावर. "खोबरेलात फोडणी? आपण काय केरळातले?" असं एका काकांनी विचारलं. म्हाताऱ्या बायांना वरकस जमिनीतला कारळा आणि त्याचं तेल आठवलं, पण गाळायला घाणा कुठे होता? शेवटी खोबरेलच ठरलं, आणि खरं सांगतो, कुर्डूची भाजी त्यात वाईट लागत नाही. मीठ आमच्या वेशीत होत नाही, तेव्हा गुरुजींनी १९३०चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह काढला. "कोकणातलंच मीठ ते, चालवून घ्या." घेतलं. चहाला गवती पात होती, पण गूळ घाटावरचा. चहा मात्र कुणालाच सोडवेना, म्हणून त्या विषयावर ठराव झालाच नाही.

एका वर्षी कॉलेजातल्या पोराने सगळ्यांना गार केलं. काजू आणि मिरची दोन्ही पोर्तुगिजांनी दर्यापलीकडून आणली, मग ती आपली कशी? सभा गप्प. मागून एक काकी म्हणाली, "चारशे वर्सं आमच्या परड्यात ऱ्हायली, आता कुठं धाडतोस?"

भाज्यांचा तोटा कधीच नव्हता. टाकळा, फोडशी, भारंगीची कोवळी पानं, अळू. सकाळी पोरं रानात जायची आणि पिशव्या भरून यायची. निम्मं गवत निघायचं, ते निवडायला पडवीत बायांची रांग बसायची. टाकळ्यात आठळ्या, वर ओलं खोबरं. बरक्या फणसाची सांदणं. १ जूनपासून होड्या बंद, म्हणून मासळी सुकी. वहाळातल्या मुठ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण वेगळ्या चुलीवर व्हायचं आणि न खाणाऱ्यांची पंगत पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. दोन्ही पंगतींत आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, कढी तीच. कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मंडळाने फळ्यावर अभिनंदन लिहिलं. कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.

शेवळांची गोष्ट सांगितली नाही तर वाडीतले मला सोडणार नाहीत. ही रानभाजी पहिल्या पावसात जमिनीतून वर येते आणि खाजरी असते. हाताला तेल लावून सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून परतायची आणि खाज मारायला काकडांचा, म्हणजे काकड या रानझाडाच्या फळांचा, आंबट रस घालायचा. त्या वर्षी काकडं आणायचं काम माझ्याकडे होतं. पाऊस होता, झाड चढावावर होतं, मी ओंजळभर घेऊन परत आलो आणि "पुष्कळ आहेत" म्हणून सांगितलं. पहिल्या पंगतीत आधी एक जण खाकरला, मग दुसरा. मग अख्खी रांग घसा खाजवत कढी मागू लागली. गुरुजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अरे, काकडं मोजून घातली होतीस की काय?" अजून जून आला की कुणीतरी मला काकडांबद्दल विचारतंच.

पण खरी अडचण कधी भाजीची नव्हती, ती भाताची होती. निम्म्या वाडीची शेतं पडीक. माणसं मुंबईला, आणि जे पेरतात त्यांचं रानडुकरं नि माकडं ठेवतील तेवढंच. पहिल्या वर्षी वेशीच्या आतल्या त्या जेवणाचा तांदूळ दुकानातून आला होता. कुणी बोललं नाही, पण भात वाढताना वाढप्यांची मान खाली होती. पुढच्या वर्षी आठ घरांनी बियाण्याचं काढून झाल्यावर कणगीत जे उरलं होतं त्यातून पायली-पायली दिलं. कुणाचा लाल, कुणाचा पांढरा, कुणाचा जाड. सगळा एका टोपात शिजवला तर अर्धा गिचका, अर्धा कचवट. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसमोर नाचक्कीच. तेव्हा मधल्या घरच्या काकीने मुकाट्याने दोन हंडे पाणी ओतलं, जाळ वाढवला आणि सगळ्याची पेज केली. तेव्हापासून आमच्याकडे भात नसतो. पेज, तोंडी लावायला खारातली कैरी आणि भाजलेला सुका बांगडा.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, म्हणून नाचणीची भाकरीही ठेवली. "आता जगाला कळलं होय," म्हणत म्हाताऱ्या हसल्या आणि थापायला मात्र त्याच बसल्या, कारण सुनांना येत नव्हती.

गेल्या जूनला तांदूळ आठऐवजी पाचच घरांतून आला. काकीने टोपात डोकावून पाहिलं आणि आणखी एक हंडा पाणी ओतलं. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "पावसात पातळच बरी लागते रे. तू काकडं बघ."