मसाला कोणता घालतात?

आमच्या इथल्या बार्बेक्यूबद्दल, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजलेल्या अख्ख्या डुकराबद्दल, हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता तो पूर्ण होण्याआधीच मी हसायला लागते. भारतातून आलेले पाहुणे विचारतात, मंडळाच्या गणपतीत नव्याने ओळख झालेले विचारतात, व्हिडिओ कॉलवर अलिबागची आत्या तर दर खेपेला विचारते. मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते. पाहुणा पोर्क खाणारा असेल तर त्याला पावणेदोन तास गाडीत कोंबून पूर्वेला एडन नावाच्या गावी ते खायला नेते, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मीठ. वरून व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची. झालं.

हे ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. आपल्याला वाटतं, एवढा बोलबाला आहे म्हणजे पणजीच्या वहीतलं काहीतरी चाळीस जिन्नसांचं वाटण असणार. शिवाय इथे आलेल्या बहुतेकांनी बार्बेक्यू म्हणजे कुणाच्या तरी मागच्या अंगणात गॅसच्या ग्रिलवर उलटलेले बर्गर एवढंच पाहिलेलं असतं. इथल्या जुन्या माणसासमोर त्याला बार्बेक्यू म्हणून बघा. तो तुम्हाला नम्रपणे दुरुस्त करेल आणि घरी गेल्यावर बायकोला सांगेल.

एडनचं स्कायलाइट इन हे बार्बेक्यूचं हॉटेल पीट जोन्स यांनी 1947 साली सुरू केलं, तेव्हा ते अगदी कोवळ्या वयाचे होते. बैठ्या, साध्या इमारतीवर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसदभवनासारखा घुमट बसवलाय. कुठल्याशा पुस्तकाने या जागेला बार्बेक्यूची राजधानी म्हटलं, तर राजधानीला घुमट नको का? पाटी सांगते की लाकडावर शिजलेलं नसेल तर ते बार्बेक्यूच नव्हे. ही पाटी पाहून आमच्या एका पाहुण्याला महामार्गावरचे ‘चुलीवरचं मटण’चे फलक आठवले होते. त्यातल्या किती ठिकाणी चूल खरोखर पेटते, हा प्रश्न तिथेही आहे आणि इथेही. राज्यातल्या कित्येक जागा केव्हाच गॅसवर आणि विजेवर गेल्या. लाकूड महाग, आगीची भीती, आणि रात्रपाळीला माणूस मिळत नाही.

मला सांगायचंय ते या रात्रपाळीबद्दलच.

ओक आणि हिकरीचे ओंडके धुराड्यात पेटवतात. मांस त्या ज्वाळेच्या जवळपासही नसतं. ओंडके जळून निखारे झाले की ते फावड्याने उचलून विटांच्या लांब भट्टीत पसरायचे, आणि त्याच्या वर, जाळीवर, सोललेलं नव्हे तर कातडीसकट अख्खं डुक्कर, मधोमध उघडून पालथं घातलेलं. निखारे सगळीकडे सारखे टाकले तर फसलात. मांड्या आणि खांदे जाड, म्हणून धग तिथे जास्त. पोट पातळ, त्याच्याखाली जवळजवळ काहीच नाही. ही धग डोळ्याने नाही, हाताने मोजतात. चरबी वितळून निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर वर जातो. खरी चव तिथेच लागते. तीच चरबी जास्त ठिबकली तर भडका उडतो आणि भट्टीसकट सगळं जातं. साउथ कॅरोलायनातल्या हेमिंग्वे गावातलं स्कॉट कुटुंबाचं भट्टीघर 2013 साली आगीत गेलं. रॉडनी स्कॉट यांनी मग गावोगाव फिरून डुकरं भाजली, पैसे उभे केले, भट्टी पुन्हा उभारली. 2018 साली त्यांना जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या शेफना मिळणारा मानाचा पुरस्कार मिळाला. पहिलं डुक्कर भाजलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते.

रात्र सरली की डुक्कर उताणं करायचं आणि खाली निखारे वाढवायचे, म्हणजे कातडी फुगून पापडासारखी कडक होते. मग लाकडी ठोकळ्यावर दोन हातांत दोन सत्तूर. खांदा, मांडी, पोट आणि ती कुरकुरीत कातडी, सगळं एकत्र कुटतात आणि त्याच ठोकळ्यावर मीठ-व्हिनेगर शिंपडतात. पत्र्याच्या डब्यावर कुणी ताल धरावा तसा तो आवाज रस्त्यावर ऐकू येतो. कागदी द्रोणात हे मांस, वर कागद, त्यावर मक्याच्या पावाचा चपटा तुकडा, आणि कोबीची कोशिंबीर. मांस इतकं स्निग्ध असतं की व्हिनेगर नसतं तर चौथ्या घासाला हात थांबला असता. हे गोव्याच्या माणसाला समजावावं लागत नाही. डुक्कर आणि व्हिनेगर यांचं नातं त्याला सोरपोतेलने शिकवलेलं असतं.

(पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनला, फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये केचप घालतात. दोन्ही बाजूंचे लोक यावरून कोल्हापूरकर-सातारकरांसारखे भांडतात. माझं मत तुम्ही ओळखलं असेलच. तरी तिथे गेलात तर खांद्याचा बाहेरचा, काळपट खरपूस भाग मागून घ्या.)

एक गोष्ट घुमटावर लिहिलेली नसते. राजकीय सभांना, मोठ्या जमीनदारांच्या मेजवान्यांना खंदक खणून रात्रभर निखारे सांभाळायचे ते गुलाम केलेले काळे लोक. कौशल्य त्यांचं आणि नाव यजमानाचं. भट्टी सांभाळणाऱ्यासाठी पिटमास्टर हा भारदस्त शब्द आला तोवर पिढ्या गेल्या होत्या. विल्सन गावचे एड मिचेल यांची गोष्ट मला म्हणूनच आवडते. वडील गेले, आईचं किराणा दुकान बुडायला आलेलं, ती उदास. तिला जुन्या पद्धतीचं बार्बेक्यू खावंसं वाटलं म्हणून मिचेलनी आजोबांकडून शिकल्याप्रमाणे एक छोटं डुक्कर भाजलं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, हे विकता का? आईने विकलं. मिचेल यांची एक युक्तीही आहे. निखारे कडेला रचायचे, हवा कोंडायची आणि मंद धगीवर रात्रभर सोडून द्यायचं. म्हणजे जागरण टळतं. पण किती निखारे, कुठे, हे ठरवायला आधी कैक रात्री जागलेल्या असाव्या लागतात.

गेल्या नोव्हेंबरात आत्या आली. तिलाही एडनला नेलं. गाडीत बसल्यापासून मसाल्याचं चालू होतं. मग मी अलिबागकडच्या, मडक्यात भरून जाळात भाजतात त्या पोपटीवर आले. "आत्या, तू पोपटीत काय घालतेस गं?"

"वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला. मीठ, ओवा."

"मसाला?"

"पोपटीत कुणी मसाला घालतं का, बाय?"

तिने द्रोण संपवला. कातडीचे तुकडे आधी वेचून. मग पदराला हात पुसत मागच्या बाजूला धुराड्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "हा माणूस झोपतो कधी?"