तुम्ही विचारलेत म्हणून : आयडरच्या घरट्यातील लव

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या आमच्या घरी येणारे पाहुणे दिवाणखान्यातील एका छायाचित्रापाशी हमखास थांबतात आणि विचारतात, "याच बदकाची पिसे उपटून त्या महागड्या रजया करतात ना?" रत्नागिरीहून येणारी माझी मावशी तर दर खेपेस विचारते. पिसे उपटली जातात हे खरे; पण उपटणारी ती मादी स्वतःच असते.

हे आयडर बदक. पाणबदकांमध्ये चांगलेच थोराड, वजनाला दोन किलोच्या आसपास. नराची पाठ पांढरी, पोट आणि डोक्यावरची टोपी काळी, छातीवर गुलाबी झाक आणि मानेमागे फिकट पोपटी रंग. मादी मात्र तपकिरी, अंगभर काळसर आडव्या रेघांची. दोघांचेही कपाळ चोचीपर्यंत पाचरीसारखे सरळ उतरते, त्यामुळे दुरूनही ओळख पटते. विणीच्या दिवसांत नराची साद थेट "अहोऽऽ" अशी ऐकू येते. आयडरांच्या संसारात "अहो" म्हणणारा नवरा असतो, एवढाच फरक.

गोड्या पाण्याच्या तळ्यांशी या बदकाचा फारसा संबंध नाही. उत्तर युरोप, आइसलँड, ग्रीनलँड आणि उत्तर अमेरिकेचे थंड, खडकाळ किनारे हेच त्याचे घर. आपल्याकडच्या शिनाण्यांचे भाऊबंद असलेले शिंपले ते बुडी मारून खडकावरून सोडवते आणि कवचासकट गिळते. कवचाचा चुरा करण्याचे काम पोटातला पेटा करतो.

छायाचित्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांपैकी इनर फार्न या बेटावरचे आहे. मे महिन्यात सीहाउसेसच्या धक्क्यावरून होडीने तेथे गेलो असताना पायवाटेच्या कडेला, गवतात पडलेला दगड समजून मी जवळजवळ एका मादीवर पाय ठेवणार होतो. ती हलली नाही. फक्त पोटाखालून बाहेर आलेली राखाडी लव, म्हणजे मऊ बारीक पिसे, वाऱ्यावर थरथरत होती, म्हणून घरटे कळले. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. त्यात ती स्वतःच्या छातीची लव खुडून अंथरते आणि साधारण चार ते सहा हिरवट अंडी घालते. पंचवीस-सव्वीस दिवस ती जवळपास काही न खाता बसून राहते आणि वजनाचा मोठा हिस्सा गमावते. आपली खुडूक कोंबडी निदान दाणे टिपायला तरी उठते. आयडर मादी पाणी प्यायला जायचे झाले तर अंडी लवेने झाकून जाते, आणि कोणी एकाएकी उठवलेच, तर उडता उडता अंड्यांवर असा दुर्गंधी शिंतोडा टाकते की चोराची भूक मरावी. नर तोवर समुद्रावर निघून गेलेले असतात.

रजईसाठी वापरतात ती हीच, घरट्यातली लव. आइसलँडमधील शेतकरी घरट्यांची राखण करतात आणि त्या बदल्यात लव गोळा करतात; एक किलो स्वच्छ लवेसाठी साठेक घरटी लागतात, तेव्हा किमतीचे नवल वाटू नये. या लवेचे तंतू एकमेकांत अडकून राहतात, म्हणूनच इतक्या हलक्या पुंजक्यात ऊब धरून ठेवता येते. पक्षी मारला तर पुढच्या वर्षीची लव कोठून येणार, हा हिशेब तेथील लोकांना कायद्याआधीच कळला असावा; १८४७ पासून तेथे या बदकाला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. फार्न बेटांवर तर सातव्या शतकात ख्रिस्ती संत कथबर्ट यांनी या पक्ष्यांना अभय दिले, असे सांगतात. त्या भागात, नॉर्थंबरलँडमध्ये, आजही या बदकाला "कडी डक" म्हणतात. विठ्ठलाचा जसा विठू, तसा कथबर्टचा कडी.

पिल्ले अंग सुकताच, बहुधा दिवसाभरात, आईमागून पाण्यात उतरतात. तेथे अनेक घरट्यांतली पिल्ले एकत्र होतात आणि ज्यांची स्वतःची पिल्ले नाहीत अशा माद्याही त्यांच्यावर लक्ष ठेवतात. पक्षिनिरीक्षक त्यांना मावश्याच म्हणतात. माझ्या साऱ्या उत्तरातला एवढाच भाग आमच्या मावशीला मनापासून पटला. ती रजई तिच्या गोधडीहून उबदार असेल, हे मात्र तिला अजून मान्य नाही.