बोनेटवरचा डबा

माझी मुलगी रत्नागिरीत कॉलेजला आहे, एसवाय बीएस्सी, तिघी मैत्रिणी मिळून खोली करून राहतात. परवा फोनवर म्हणाली, बाबा, आजीला सांगा ना डबा नको पाठवू म्हणून, मला स्टँडवर जायला वेळच नसतो. मी हो हो म्हटलं आणि आईला काहीच सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नाही हे मला १९९३ पासून माहिती आहे.

१९९३ ला मी अकरावीला रत्नागिरीत आलो. गाव आडिवऱ्याच्या बाजूला, प्रॅक्टिकल सकाळी सातला, मग रोज जाऊन येऊन जमणार कसं, म्हणून खोली. मेस परवडली असती खरं तर, पण आईचा मेसवाल्याच्या तेलावर विश्वास नव्हता. मग डबा. रात्री गावात मुक्कामाला आलेली वस्तीची एसटी सकाळी परत निघायची तेव्हा आई फाट्यावर उभी, डबा ड्रायव्हरकाकांच्या हातात आणि तिथून बोनेटवर, म्हणजे त्यांच्या शेजारच्या इंजिनाच्या झाकणावर. वाटेतल्या गावागावातून एकेक डबा चढत जायचा, पावस येईपर्यंत दहा-बारा तरी व्हायचे, कुणाचं निळं फडकं, कुणाचं लाल चौकड्यांचं, कुणाचं आजोबांच्या जुन्या धोतराचं. इंजिनाच्या गरमीने भात गरम राहायचा असं सगळे कौतुकाने सांगतात, पण त्याच गरमीने ऑक्टोबरात नारळाच्या रसातली आमटी आंबून जायची ते कोणी सांगत नाही. मी कितीदा फक्त भाकरी आणि लोणचं खाऊन लेक्चरला बसलोय.

एकदा फडक्यांची अदलाबदल झाली. माझ्या डब्यात कुळथाची पिठी असणार होती आणि उघडला तर बांगड्याचं तिखलं. मी कसलीही चौकशी न करता जेवलो. दुसऱ्या दिवशी गाडी लागायच्या आधीच एक मुलगा दाराशी येऊन उभा, मला म्हणाला पिठी बरी होती रे, पण मीठ कमी. अजून दोस्त आहे तो माझा.

डब्याच्या झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी असायची. शनिवारी ये, काजू काढायचेत, असलं काहीतरी. एकदा लिहिलं होतं, बाबांना बरं नाही पण काळजी करू नको. आता यावर माणसाने करायचं काय? गावात फोन एकाच घरी, तोही अर्धा पावसाळा बंद, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा डबा येईपर्यंत काळजी न करता बसून राहायचं. लोक म्हणतात त्या वाट बघण्यात मजा होती, मला तरी त्या रात्री काही मजा वाटली नव्हती.

बाकी निवांतपणा मात्र भरपूर होता. परीक्षा वर्षातून एकदा, त्यामुळे दिवाळीपर्यंत कोणी पुस्तक उघडत नसे, आणि मुंबईला जायचं म्हणजे एसटीची रातराणी. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला तेव्हा मी टीवायला, आम्ही नुसती गाडी बघायला स्टेशनवर गेलेलो, चालत, परत येताना पायाचे तुकडे पडले. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आणि त्या दिवशीची अटेंडन्स? तिला सेमिस्टर, इंटर्नल, प्रोजेक्ट, ग्रुपवर रात्री अकराला येणाऱ्या पीडीएफ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेत असताना ती रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसायची, छत्री धरून, तेव्हापासून तिला फुकट वेळ घालवणं जमतच नाही बहुतेक. वेळ नसतो म्हणाली तेव्हा मी मनात हसलो होतो, मग टाइमटेबल बघितलं आणि गप्प बसलो.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या बोनेटवरच्या डब्यांत एकही डबा मुलीचा नसायचा. मुलीला खोली कोण करून देणार? रोज जाऊन येऊन करणाऱ्या मुली होत्या, पास होता, पण संध्याकाळची गाडी चुकली की घरी बोलणी, आणि प्रॅक्टिकल लांबलं की गाडी चुकणारच. आमच्या बारावीच्या वर्गातल्या किनारपट्टीच्या गावांतल्या कितीतरी मुली एफवायला दिसल्याच नाहीत आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही, आम्ही डबे शोधत होतो. आता मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, कॉलेजबाहेर बघावं तर मुलींच्या स्कूट्यांची रांग. गाडीत डबा एकच असतो हल्ली, आमच्या आईचा. आणि तो मुलीला जातो.

चिठ्ठी नसते त्यात. डब्यात काय आहे ते आजीने व्हिडिओ कॉलवर आधीच दाखवलेलं असतं. पण आमच्याकडे डबा रिकामा परत पाठवत नाहीत, मी नाक्यावरचे चणे तरी घालायचो. गेल्या शनिवारी मुलगी घरी आली, आईने डबे तिच्या सॅकमधून काढून घेतले, उघडून बघितले तर आत कुरकुरेची दोन पाकिटं. ह्या काय मेलं, म्हणाली आई, आणि एक पाकीट फोडून पडवीत जाऊन बसली.