भाला, बर्फ आणि मादी स्टर्जनचा हिशेब

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार जवळ आला की आमच्या भागात रजेचे अर्ज वाढतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या पूर्वेला विनेबेगो नावाचा तलाव आहे. क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, पण खोली जेमतेम एकवीस फूट. हिवाळ्यात तो गोठतो आणि त्यावर अक्षरशः गाव वसतं. मच्छीमार क्लबवाले बर्फावर रस्ते आखतात, कडेने लोकांनी टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं खुणेला रोवतात, भेगांवर पूल टाकतात. आणि मग भाले घेऊन माणसं येतात, स्टर्जन नावाचा थोराड मासा मारायला.

मी मालवणची. मासा कळतो, भाव करता येतो, पण भाल्याने मासा मारणं फक्त चित्रात पाहिलं होतं. शेजारच्या काकांनी (सत्तरी ओलांडलेले, आयुष्य कागदाच्या कारखान्यात गेलेलं) विचारलं, येतेस का बघायला? गेले.

खोपटीला इथे शँटी म्हणतात. आत खिडकी नाही. दार लावलं की काळोख, आणि जमिनीत चौकोनी भोक. हे भोक आदल्या दिवशी यांत्रिक करवतीने कापतात आणि बर्फाची ती अख्खी लादी खाली ढकलून बाजूच्या बर्फाखाली सरकवतात. नियमाप्रमाणे भोक जास्तीत जास्त 48 चौरस फुटांचं. बाहेरचा उजेड बर्फातून झिरपत पाण्यात उतरतो, त्यामुळे खोलीतला एकमेव प्रकाश खालून येतो, हिरवा. तळाशी पांढरे पाइप टाकलेले, वरून मासा गेला तर दिसावा म्हणून. मधोमध रंगवलेला लाकडी मासा दोरीला टांगलेला, तो अधूनमधून हलवायचा. काट्यांचा जड भाला खिळ्याला, हाताशी. एवढंच. सकाळी सात ते दुपारी एक, पाण्याकडे बघत बसायचं. बहुतेक लोक अख्खा हंगाम बसून रिकाम्या हाताने परततात. त्या दिवशी आमच्या भोकाखालून काहीही गेलं नाही. काका तरीही खूश होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मासो गावाक नाय, आणि तरी खूश? येडो की काय तो?"

स्टर्जन म्हणजे काय प्रकरण आहे ते मी नोंदणी केंद्रावर पाहिलं. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी तिथे न्यावाच लागतो. बरीचशी केंद्रं बारच्या अंगणात आहेत, त्यामुळे बिअर, मुलं, कुत्री आणि वजनकाटा असा एकत्र मेळ. खवले नाहीत, त्याऐवजी पाठीवर आणि कुशीवर हाडाच्या ढालींच्या पाच रांगा, तोंड खाली, तोंडासमोर चार मिशा. डायनोसॉरच्या काळापासून फारसं न बदललेलं घराणं. 2010 मध्ये इथे 212 पौंडांचा, म्हणजे 96 किलोंचा मासा निघाला होता. राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याची, म्हणजे सगळे डीएनआर म्हणतात त्यांची, हातमोजे घातलेली मुलगी माशाची लांबी मोजते, नर की मादी ते बघते, मादी असेल तर अंडी कितपत तयार आहेत ते लिहून घेते.

सगळा वाद या शेवटच्या नोंदीभोवती फिरतो. स्टर्जनची मादी वयात यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. त्यानंतरही ती दरवर्षी अंडी घालत नाही, मधे तीन ते पाच वर्षं जातात. जगते मात्र शंभरीपर्यंत, कधी त्याहून जास्त. अशी एक मोठी मादी गेली की तिची जागा भरून निघायला एक पिढी जाते. गळाने धरलेला मासा लहान निघाला तर सोडता येतो. भाल्याला ती सोय नाही. छत्तीस इंचांपेक्षा लहान मारायचा नाही, हा नियम आहे. पण ते माप काढायचं कधी, तर मासा पाण्यात पुढे सरकत असताना, दोन-तीन सेकंदांत. आणि नर की मादी हे वरून कळतच नाही. म्हणून भाल्याला विरोध करणारे म्हणतात की ही शिकार आंधळी आहे, इतक्या सावकाश वाढणाऱ्या माशासाठी असलं हत्यार चालू ठेवू नये.

या युक्तिवादात दम आहे. पण हंगाम बंद कसा होतो ते पाहिल्यावर मी काकांच्या बाजूला झुकले. कागदावर हंगाम सोळा दिवसांचा असतो, पण तो तारखेवर संपेलच असं नाही. लहान माद्या, मोठ्या माद्या आणि नर अशा तीन वेगळ्या मर्यादा आधीच ठरलेल्या असतात, आणि एकूण मासे प्रौढ संख्येच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचे नाहीत असा बेत असतो. रोज दुपारी आकडे जमतात. तिघांपैकी एक मर्यादा जरी गाठत आली तरी सगळ्यांचाच हंगाम बंद. नर भरपूर उरलेले असोत, तुमची शँटी कालच लागलेली असो, उपयोग नाही. पाणी स्वच्छ असलं की मासे दिसतात, मग हंगाम लवकर आटोपतो. गढूळ असलं की लांबतो. वरच्या उथळ तलावांवर तर मासा इतका सहज दिसतो की तिथे 2007 पासून सोडत काढतात, आणि नंबर लागायला कित्येक वर्षं जातात. परवानाही 31 ऑक्टोबरच्या आत घ्यायचा, म्हणजे बर्फ धरेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना. कुरकुर होते, बारमध्ये तर जोरात होते. पण नियम मोडणाऱ्याची बाजू घेताना मी तिथे कुणालाच ऐकलं नाही.

याचं कारण मला वुल्फ नदीवर कळलं. एप्रिलच्या सुमारास स्टर्जन तलावातून नदीत चढतात आणि काठच्या दगडांवर अंडी घालतात. नदीकाठच्या शायोक्टन गावी तर इतके काठाशी येतात की खाली वाकलं तर शेपटी हाताला लागेल. नर आधी येऊन थांबतात, मादी आली की पाण्यात धडाधड शेपट्या आपटतात, बघणाऱ्यांच्या अंगावर शिंतोडे उडतात. पूर्वी याच दिवसांत चोर यायचे, अंड्यांसाठी. स्टर्जनची अंडी म्हणजे कॅव्हिआर, श्रीमंतांचं महागडं खाणं, आणि इथे ती विकायला बंदी आहे. म्हणून नदीकाठी स्वयंसेवक पाळ्या लावून रात्रंदिवस पहारा देतात, आणि त्यांतले कितीतरी फेब्रुवारीत भाला धरणारेच. 'स्टर्जन फॉर टुमॉरो' ही त्यांची संघटना 1977 पासूनची. परवान्याचे पैसेही याच माशाच्या कामी येतात. विनेबेगोत आज चाळीस हजारांच्या आसपास प्रौढ स्टर्जन मानले जातात. राज्याने 1915 मध्ये मासेमारी पूर्ण बंद केली होती, भाला पुन्हा सुरू झाला 1930 च्या दशकात.

2018 मध्ये एका पर्यावरण संस्थेने लेक स्टर्जनला संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय कायद्याखाली आणा अशी याचिका केली, तेव्हा इथे खळबळ उडाली. यादीत नाव आलं तर भाला संपला, परवाने संपले, आणि पहाऱ्याला येणार कोण, अशी भीती. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राने निर्णय दिला की यादीत घालण्याची गरज नाही. काकांनी त्या दिवशी मला धुरावलेल्या स्टर्जनचा तुकडा आणून दिला. तेलकट, घट्ट. चांगला होता, पण सोलकढीची आठवण काढत खाल्ला.

तरी "आम्ही मासा वाचवला" हे वाक्य ऐकलं की मला खटकतं, कारण त्यात मेनॉमिनी, म्हणजे इथली मूळ आदिवासी जमात, नसते. त्यांच्यासाठी हा मासा 'नामेओ', वसंतातलं पहिलं अन्न. तो वुल्फ नदीने त्यांच्या राखीव क्षेत्रातल्या केशेनाच्या धबधब्यापर्यंत यायचा. खाली शवानोला धरण झालं आणि वाट बंद झाली. जवळजवळ शंभर वर्षं त्यांनी तो आपल्या नदीत पाहिला नाही. 1990 च्या दशकात तिथे पुन्हा स्टर्जन सोडायला सुरुवात झाली, आता काही मोठे मासे गाडीत घालून धरणापलीकडे नेतात आणि दर वसंतात सोहळा होतो. पण राखीव क्षेत्राबाहेर मासे धरण्याचा त्यांचा हक्काचा दावा 1998 मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. उत्तरेकडच्या ओजिब्वे या दुसऱ्या आदिवासी जमातीचा हक्क 1837 आणि 1842 च्या करारांवरून 1983 मध्ये न्यायालयाने मान्य केला, तर ते वसंतात वॉलाय मासे भाल्याने मारायला उतरले की धक्क्यांवर जमाव जमायचा, दगड पडायचे. त्यांचाही मासा अन् मासा मोजला जातो. त्याच राज्यात एक भाला जत्रा ठरतो आणि दुसऱ्या भाल्यामुळे दंगल. संवर्धनाची भाषा दोन्हीकडे तीच. काकांना हे मी बोलून दाखवलं, ते गप्प राहिले आणि मग हवामानाकडे वळले. हवामानाचा विषयही खोटा नव्हे. 2024 मध्ये बर्फ नीट धरलाच नाही आणि साडेचारशेच्या आतच मासे मिळाले.

हे सगळं मी मालवणातल्या चुलतभावाला सांगितलं. त्याचं रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारं घराणं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, 2023 पासून चोपन्न जातींसाठी किमान आकारही ठरलाय. पण हंगामात एकूण किती मासा काढला म्हणून बंदर बंद झालं, असं कधी झालेलं नाही. दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून काढायला केंद्राची 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात एलईडी दिसतातच. तो म्हणाला, "थय मोजूक माणसा आसत. हय मोजतलो कोण?" मी त्याला नदीकाठच्या पहाऱ्याचं सांगितलं, तंबूंचं, पाळ्यांचं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरा आसा. पण समुद्रात तंबू खय ठोकू, ता सांग."