ठाम विश्वासाच्या इंग्रजी छटा

इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कोशात बिलीफ, फेथ, कन्व्हिक्शन, पर्स्वेजन, सर्टन्टी, क्रीड, डॉग्मा हे शब्द एकाच नोंदीखाली आढळतात. त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की या एकाच शिडीच्या पायऱ्या असून वर चढत जावे तशी खात्री वाढत जाते. मला ही मांडणी पटत नाही. खात्री कशाच्या आधारावर उभी आहे आणि तिला कोणी आव्हान दिले तर तिचे काय होते, यावर या शब्दांतला खरा फरक ठरतो.

बिलीफ हा यातला सर्वांत व्यापक आणि म्हणूनच सर्वांत तटस्थ शब्द. त्यात पुसटशा समजुतीपासून प्राण पणाला लावण्याइतक्या निष्ठेपर्यंत सारे काही मावते. गंमत अशी की बोलताना ‘आय बिलीव्ह’ ही जोड विधानाला बळ देण्याऐवजी ते सौम्य करते. बैठक चार वाजता आहे असे म्हणणारा माणूस वेळ सांगत असतो, पण त्यापुढे ‘आय बिलीव्ह’ जोडणारा ‘बहुधा’ एवढेच सुचवत असतो. याच क्रियापदाला ‘इन’ हे अव्यय जोडले की चित्र पालटते. एखाद्याला ‘बिलीव्ह’ करणे म्हणजे त्याचे म्हणणे खरे मानणे, आणि त्याच्यात ‘बिलीव्ह इन’ करणे म्हणजे त्याने अजून काही सिद्ध केलेले नसतानाही त्याच्या पाठीशी उभे राहणे.

कन्व्हिक्शनचा स्वभाव निराळा आहे. त्याच्या मुळाशी ‘पूर्णपणे जिंकणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे, आणि न्यायालयात आरोपीवर दोष सिद्ध होण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. दोन्ही अर्थांना जोडणारा धागा एकच: पुराव्यापुढे हार मानणे. खटल्यात आरोपी हरतो, विचारात स्वतःची शंका हरते. म्हणून जी धारणा विरोधाला तोंड देऊन टिकली आहे तिलाच हा शब्द शोभतो, असे माझे मत आहे. ‘करेज ऑफ वन्स कन्व्हिक्शन्स’ (आपल्या मतावर ठाम राहण्याचे धैर्य) या रूढ प्रयोगात बिलीफ हा शब्द घालून पाहिला तर वाक्याचा कणाच मोडतो, कारण धैर्य लागते ते किंमत मोजावी लागणार असलेल्या मतासाठी.

मात्र हा शब्द फसवूही शकतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 सालच्या आपल्या निबंधात दिले आहे. एक जहाजमालक देशांतर करणाऱ्या कुटुंबांनी भरलेले जहाज समुद्रात पाठवण्याच्या बेतात आहे. जहाज जुने आहे, मुळातच फारसे नीट बांधलेले नाही, अनेकदा दुरुस्त झालेले आहे, आणि ते प्रवासाला योग्य नसावे अशी शंका त्याच्या मनात कोणीतरी घातली आहे. ते उघडून तपासायचे आणि पुन्हा सज्ज करायचे तर मोठा खर्च येणार. मग तो स्वतःची समजूत घालतो की हे जहाज इतक्या वादळांतून सुखरूप परतले आहे, तेव्हा या खेपेलाही परतेल. हळूहळू शंका विरतात, ते सुरक्षित असल्याबद्दल त्याचे ‘सिन्सिअर अँड कम्फर्टेबल कन्व्हिक्शन’, म्हणजे प्रामाणिक आणि सुखावणारी खात्री, होते, जहाज समुद्रात बुडते आणि तो विम्याचे पैसे घेऊन गप्प राहतो. त्याची धारणा प्रामाणिक होती हे क्लिफर्ड मान्य करतो, पण तसे मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता असे ठामपणे बजावतो, कारण ती त्याने चौकशी करून मिळवलेली नव्हती, शंका दडपून मिळवलेली होती. इथे शंका हरली खरी, पण तिला हरवणारा पुरावा कुठेच नव्हता. कन्व्हिक्शनच्या शेजारी ‘कम्फर्टेबल’ हे विशेषण दिसले की जाणत्या वाचकाने सावध व्हावे.

या जहाजमालकाच्या मनःस्थितीला पर्स्वेजन हा शब्द अधिक चपखल बसला असता. त्याच्या लॅटिन मुळाचे नाते ‘गोड’ या अर्थाच्या शब्दाशी आहे, आणि तो गोडवा त्याच्या अर्थामध्ये अजूनही जाणवतो; इथे मन जिंकलेले नसून वळवलेले असते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या 1781 सालच्या ग्रंथाचे इंग्रजी अनुवादक त्याच्या दोन जर्मन संज्ञांसाठी पर्स्वेजन आणि कन्व्हिक्शन हीच जोडी वापरतात. या दोहोंतला भेद ओळखण्यासाठी कांट पैजेची कसोटी सुचवतो: छातीठोकपणे बोलणारा माणूस एक डुकाट (जुने सोन्याचे नाणे) पणाला लावायला तयार होतो, पण दहा म्हटले की त्याला प्रथमच जाणवते की आपली चूकही असू शकेल. मला ही कसोटी फार मोलाची वाटते, कारण ती आवाजाची पट्टी न मोजता धारणेचे वजन मोजते.

सर्टन्टी आणि सर्टिट्यूड यांच्यातला भेद आता बोलण्यातून जवळपास पुसला गेला आहे, याचे मला वाईट वाटते. इंग्रज धर्मचिंतक जॉन हेन्री न्यूमनने 1870 मध्ये तो नेमका मांडला होता: सर्टिट्यूड ही मनाची अवस्था, तर सर्टन्टी हा विधानाचा गुण. अमेरिकन न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1918 मध्ये लिहिले की सर्टिट्यूड ही सर्टन्टीची कसोटी नव्हे.

शब्दांचे अर्थ सरकले की काय घडते, हे अमेरिकेच्या न्यायालयांत प्रत्यक्ष पाहायला मिळते. 1850 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी हार्वर्डचे प्राध्यापक जॉन वेब्स्टर यांच्यावरील खून खटल्यात ज्यूरीला, म्हणजे निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळाला, ‘रीझनेबल डाउट’चा (वाजवी शंकेचा) अर्थ समजावून सांगितला. आरोप खरा असल्याचे ‘अबायडिंग कन्व्हिक्शन’, तेही ‘मॉरल सर्टन्टी’पर्यंत पोचलेले, ज्यूरीला वाटत नसेल, तर शंका शिल्लक आहे असे त्यांनी म्हटले. त्या काळी ‘मॉरल सर्टन्टी’ म्हणजे मानवी व्यवहारात पुराव्याने गाठता येणारी सर्वोच्च खात्री. पुढे मॉरल या शब्दाची ती छटा मावळली, आणि 1994 मध्ये व्हिक्टर विरुद्ध नेब्रास्का या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की आजच्या ज्यूरीला हा प्रयोग कमी दर्जाच्या खात्रीचा वाटू शकेल. ‘अबायडिंग कन्व्हिक्शन’ मात्र न्यायालयाने ग्राह्य मानले. अबायडिंग म्हणजे टिकून राहणारे. क्षणिक भराचे नव्हे.

क्रीड आणि डॉग्मा या शब्दांवर फार वेळ घालवायला नको: क्रीड म्हणजे अनेकांनी मिळून उच्चारण्यासाठी शब्दबद्ध केलेली श्रद्धा, आणि डॉग्मा म्हणजे अधिकारपीठाने घालून दिलेला सिद्धान्त. क्रीडमागचे लॅटिन ‘क्रेडो’ आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हे मात्र एकाच प्राचीन मुळाचे आहेत, एवढे नोंदवावेसे वाटते.

फेथला पुरावा नसलेला विश्वास म्हणून हिणवण्याची पद्धत आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. ज्या लॅटिन ‘फिदेस’पासून तो फ्रेंचमार्गे आला, त्याचा अर्थ शब्दाला जागणे आणि भरवशाचे असणे असाही आहे. म्हणूनच इंग्रजीत फेथ पाळता येते, मोडता येते, आणि करार ‘इन गुड फेथ’, म्हणजे प्रामाणिक हेतूने, केला जातो. यांपैकी कोणत्याही प्रयोगात बिलीफ बसत नाही. बिलीफ चुकीचा ठरू शकतो, पण त्याच्याशी कोणी बेइमानी करू शकत नाही. फेथ मात्र दोन माणसांमधला व्यवहार आहे. मित्रावरचे फेथ उडते तेव्हा एखादे विधान खोटे निघालेले असतेच असे नाही, त्याने दिलेला शब्द मोडलेला असतो.